नागपूर–पेंच–कान्हा–अमरकंटक–बांधवगड–जबलपूर : गाडीने गोल फेरी

रानवाट

हिवाळ्याचे बेत सुरू झालेत आणि "कान्हा-बांधवगड एकाच सुट्टीत बसेल का?" हा प्रश्न इथे वरचेवर दिसतोय. बसतं, आरामात बसतं. पण बहुतेकांचा आराखडा असा असतो: पेंचच्या दोन सफारी, कान्ह्याच्या चार, बांधवगडच्या चार, आणि मधला रस्ता कसाबसा उरकायचा. मला अगदी मनापासून उलटं सांगायचंय. सफारी निम्म्या करा आणि तो वेळ रस्त्याला द्या. सातपुडा संपून मैकल कुठे सुरू होतो, सागवान जाऊन सालवन कुठे येतं, एकाच पठारावरून एक नदी अरबी समुद्राकडे आणि दुसरी गंगेकडे कशी जाते, हे सफारीच्या उघड्या जिप्सीत बसून कळत नाही. त्यासाठी आपली गाडी, दिवसाउजेडी आणि सावकाश चालवावी लागते.

मार्ग साधारण असा. नागपूरहून मनसर, देवलापार, खवासा करत पेंचचं तुरिया गेट. तिथून सिवनी, नैनपूरवरून कान्हा. कान्ह्याच्या मुक्की बाजूने बाहेर पडून मोतीनाला, बजाग, करंजिया करत अमरकंटक. अमरकंटकहून दिंडोरी, शहपुरा, उमरिया करत बांधवगडचं ताला. परतताना जबलपूर, आणि मग लखनादौन-सिवनीमार्गे सरळ नागपूर. आठ-नऊ रात्री हाताशी असतील तर कुठेही धावपळ होत नाही.

पेंच म्हणजे सागाचं जंगल. डिसेंबरात पानं अजून झाडावर असतात, पण तांबूस, भोकं पडलेली, वारा आला की वाजणारी. त्यात मधूनच पांढरंफटक कांडोळ उभं असतं. त्याची साल कागदासारखी सुटते आणि खोड संध्याकाळच्या उजेडात चमकतं. ऐनाचं खोड नेमकं याच्या उलट: काळं, मगरीच्या पाठीसारखं चौकटी-चौकटीचं. ही तीन झाडं पेंचमध्येच नीट ओळखून ठेवा, म्हणजे पुढचा बदल डोळ्यांना लगेच कळेल.

सिवनी सोडलं की बराच वेळ भातशेती. हा सगळा पट्टाच भाताचा, शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला तर भौगोलिक मानांकन आहे. नैनपूर एकेकाळी नॅरोगेजचं फार मोठं जंक्शन होतं. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि जुन्या गाड्यांचं छोटं संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर तासभर थांबाच.

मग साल सुरू होतं. साल एकदम पूर्ण निष्पर्ण कधी होत नाही, त्यामुळे भर हिवाळ्यातही रस्त्यावर हिरवी सावली असते. खोडं सरळसोट, उंच, एकमेकांच्या जवळ. महाराष्ट्रात फिरणाऱ्यांना असं जंगल क्वचितच भेटतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मंडला-दिंडोरी भागात सालाच्या खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी लाट आली होती आणि लाखो झाडं तोडावी लागली होती. आज तिथून जाताना हे कुणी सांगितल्याशिवाय समजतही नाही.

कान्ह्यात वाघाच्या मागे लागू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. तिथला खरा मानकरी बारासिंगा. इथल्या बारासिंग्याची उपजात कठीण जमिनीवर राहणारी आहे. उत्तरेकडचे त्याचे भाऊबंद दलदलीत राहतात, याचे खूर मात्र टणक मैदानाला सरावलेले. १९७० साली ही उपजात ६६ जनावरांपर्यंत घसरली होती आणि ती सगळी कान्ह्यात होती. कुंपण घालून सुरक्षित जागा केली, गवताळ मैदानं राखली, तेव्हा ती सावरली. आता कान्ह्यातून सातपुडा आणि बांधवगडमध्येही नेऊन सोडलीत. थंडीत त्यांचा माजाचा काळ असतो. नर पाणथळीत तोंड खुपसतो आणि डोकं वर काढतो तेव्हा शिंगांवर ओलं गवत लटकत असतं, त्यातून पाणी निथळत असतं. तसाच तो माद्यांसमोर मिरवतो. हे दृश्य बघायला मिळालं तर तिथेच थांबायला सांगा, ड्रायव्हर कितीही घाई करो.

आणि एक गोष्ट विसरू नये. ज्या मैदानांचं आपण कौतुक करतो त्यांतली बरीचशी मैदानं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. १९६९ पासून तिथून गावं हलवली गेली. बारासिंगा वाचला त्यात त्या माणसांनी सोडलेल्या जमिनीचा वाटा आहे. गाइड बहुधा इथल्या बैगा किंवा गोंड आदिवासींपैकी असतो. त्याला वाघाबद्दल विचारता तसं याबद्दलही विचारा, तो बोलतो.

पुढचा टप्पा माझा सगळ्यात आवडता, त्यावर खाली प्रतिसादांत लिहितो. प्रश्न विचारा.

---

सीताबर्डीकर

झकास धागा, भाऊ. वाचनखूण साठवली.

नागपूरकर म्हणून एक भर घालतो. मनसरच्या पुढे हायवे क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो, तिथे आपण बऱ्याचदा पुलावरून जातोय हे लक्षातही येत नाही. खाली नदी नसते, खाली जनावरांची वाट असते. चौपदरीकरणाचं प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवून रस्ता उचलला. त्यातले दोन पूल तर साडेसातशे मीटरचे. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तेव्हा वाघ, बिबटे, रानकुत्रे सगळे त्या वाटांनी जाताना टिपले गेले. मध्य प्रदेशच्या हद्दीत बाजूला उंच भिंतीसारखे पत्रे दिसतील, ते आवाज आणि दिव्यांचा झोत अडवायला आहेत.

तिथे गाडी बाजूला घेऊन खाली वाकून बघत बसू नका, एवढीच विनंती. जनावरं त्या वाटा वापरतात कारण तिथे माणूस नसतो.

सकाळी लवकर निघणार असाल तर रामटेक वाटेतच आहे. गडावरचं केवल नरसिंहाचं मंदिर वाकाटकांच्या काळातलं, नागपूरचे लोकसुद्धा राममंदिर करून तिथूनच परत फिरतात. ते बघून या.

---

चौथा_गिअर

रानवाट, आम्ही पुण्याहून येणार. बरोबर आई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि नववीतली मुलगी. प्रश्न असे:

पुणे-नागपूर एका दिवसात करावं का? आईला जिप्सी झेपेल का? आणि छोटी हॅचबॅक चालेल का, की मोठीच गाडी हवी?

---

रानवाट

@चौथा_गिअर, समृद्धीवरून एका दिवसात होतं, पण काकूंना घेऊन नको. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करा. समृद्धीवर निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा नक्की तपासा. सिमेंटचा सरळ रस्ता, तासन्‌तास एकच वेग, जुना टायर तिथे दगा देतो. आणि डोळे जड झाले की थांबायचं, घर गाठायची घाई असो की गेट गाठायची.

जिप्सीत काकूंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या ओळीत बसवा. सगळ्यात मागची ओळ चाकाच्या वर येते, तिथे दणके बसतात. चढायला पायरी उंच असते, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी एखादं स्टूल किंवा चौथरा मागून घ्या. डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याच्या मैदानात पहाटे गवतावरचं दंव गोठलेलं असतं आणि गाडी उघडी असते. कानटोपी, हातमोजे, गुडघ्यांवर घ्यायला जाड घोंगडी, हे सगळं पाहिजेच. त्यांच्यासाठी दुपारची सफारी जास्त बरी. फक्त मध्य प्रदेशातल्या या जंगलांत बुधवारी दुपारची फेरी बंद असते, त्याप्रमाणे वार जुळवा.

हॅचबॅक चालते. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, तुमची गाडी जाणारच नाही, तिथे नोंदणी केलेल्या जिप्सीच. बाहेरचे रस्ते बहुतेक चांगले डांबरी आहेत. बजाग-करंजिया भागात काही तुकडे अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की एक चाक खाली उतरवावं लागतं, एवढंच. पेट्रोल मात्र बैहर किंवा मंडला इथे पूर्ण भरून घ्या आणि पुन्हा दिंडोरीत. मधे मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवा.

---

खुर्सापार

थोडा वेगळा सूर लावतो. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाने अमरकंटक कशाला करावं? देवळं, आश्रम, गर्दी. तोच दीड दिवस कान्ह्यात दिला तर कान्हा, किसली, मुक्की आणि सरही असे चारही झोन नीट होतात. जंगल पहिल्या सफारीत कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीत डोळा बसतो. कुठल्या नाल्यात सांबर कधी उतरतं, वानराचा इशारा खरा कधी आणि उगाच कधी, हे एकाच जागी परत परत गेल्यावर समजतं. पेंचच्या 'कॉलरवाली' वाघिणीने आठ वेतांत २९ बछडे दिले. ती २०२२च्या जानेवारीत गेली तेव्हा गावकऱ्यांनी तिला रीतसर निरोप दिला. तिला जे ओळखत होते ते सगळे वर्षानुवर्षं एकाच जंगलात फिरणारे होते. तुमच्या फेरीत सगळं थोडं थोडं दिसेल, ओळख कशाशीच होणार नाही.

---

रानवाट

@खुर्सापार, तुमच्या म्हणण्यात दम आहे. एकाच जंगलात मुरणाऱ्या माणसाला मी अजिबात अडवणार नाही. पण जो पहिल्यांदा येतोय, कुटुंब घेऊन येतोय, त्याला वेगवेगळे झोन तोडून दाखवण्यापेक्षा त्या जंगलाचा मुलूख दाखवावा असं मला वाटतं. वाघ आकाशातून पडत नाही. तो या डोंगरांतून, या नाल्यांतून आणि या शेतांमधून इकडून तिकडे जातो. कान्हा आणि पेंच यांना जोडणारा जंगलपट्टा तुम्ही गाडीने ओलांडता तेव्हा हे कळतं.

आता तो टप्पा. मुक्कीहून निघून मोतीनाल्यानंतर रस्ता चढू लागतो आणि बैगाचक लागतो. बैगा लोक डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून 'बेवर' शेती करत. नांगर चालवला तर धरतीची छाती फाटते अशी त्यांची श्रद्धा. इंग्रजांनी बाकी सगळीकडे बेवर बंद पाडली आणि १८९० साली एवढा एकच मुलूख त्यांना आखून दिला. इथल्याच गावांना पुढे, २०१५च्या अखेरीला, वनहक्क कायद्याखाली संपूर्ण अधिवासाचा हक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळाला तो इथे. रस्त्यालगत कोदो-कुटकी या भरडधान्यांची खळी दिसतील, मातीने सारवलेली, कडा उचललेली घरं दिसतील. वयस्क बायकांच्या कपाळावर आणि हातापायांवर गोंदण असतं. कॅमेरा खिशातच राहू द्या. बोलावंसं वाटलं तर थांबून रस्ता विचारा, पाणी मागा. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारा आणि नको म्हटलं तर हात जोडून पुढे जा.

गाडासरईजवळ पाटनगढ आहे, प्रधान गोंडांचं गाव. ठिपके आणि रेघांनी भरलेली हरणं, मोर, झाडं अशी चित्रं तुम्ही दुकानांत, पुस्तकांत पाहिली असतील. त्या शैलीला जगापुढे नेणारे जनगढ सिंह श्याम इथले. आता गावात घरोघरी चित्रकार आहेत. ओसरीवर बसून ते काम करत असतात आणि चित्र थेट त्यांच्याकडून विकत घेता येतं. नववीतल्या मुलीला इथे नक्की घेऊन जा.

---

नर्मदातीर

अमरकंटकला "देवळं आणि गर्दी" म्हटलेलं पाहून राहवलं नाही. मी नर्मदा परिक्रमेत तिथे गेलेय.

नर्मदेच्या उगमकुंडाच्या आवारात गर्दी असते, खरंय. पण रस्त्याच्या पलीकडेच कलचुरी राजांची जुनी मंदिरं आहेत, त्यांत अकराव्या शतकातल्या राजा कर्णाच्या नावाचं कर्णमंदिर. पुरातत्त्व खात्याने हिरवळ राखलीय आणि तिथे माणूस फारसा नसतो. तिथून सोनमुडा. डोंगराच्या कड्यावरून सोन खाली झेपावते आणि समोर जंगलच जंगल. सोन गंगेला मिळते. इकडे नर्मदा पश्चिमेला निघते ती १,३१२ किलोमीटर चालून खंबातच्या आखाताला. दोघींचे उगम एकाच पठारावर, एकाच सकाळी चालत बघून होतात. नर्मदा आधी अंगणातल्या ओहोळाएवढी असते, कुणीही उडी मारून ओलांडेल, आणि थोड्याच अंतरावर कपिलधारेला ती शंभरेक फूट खाली कोसळते. त्याच्या खाली दूधधारा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे @चौथा_गिअर, आईंना वरच्या कठड्यापाशी बसवा. तिथूनही धबधबा छान दिसतो.

गाडीवाल्यांना माझं एक कळकळीचं सांगणं. करंजिया, दिंडोरी, मंडला या रस्त्यांवर हिवाळ्यात परिक्रमावासी चालत असतात. पांढरे कपडे, खांद्यावर झोळी, हातात काठी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून ते चालतात, त्यामुळे कधी कधी रस्त्याच्या अडचणीच्या बाजूनेही यावं लागतं. धुकं असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. वळणावर वेग कमी करा, हॉर्न जवळ येऊन कर्कश वाजवू नका. त्यांतले कितीतरी आपल्या नाशिक-पुणे-सांगलीकडचे असतात. थांबून "नर्मदे हर" म्हटलंत आणि चार केळी दिलीत तर तुमचाही दिवस चांगला जाईल.

---

काळादगड

दिंडोरी-शहपुरा रस्ता सुचवल्याबद्दल रानवाटांचे विशेष आभार, कारण त्यामुळे घुघुआ वाटेत येतं आणि बहुतेकजण ते गाळतात.

घुघुआ हेही राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ पासून. पण तिथे एकही जनावर बघायला जायचं नाही. झाडं बघायची, तीही दगड झालेली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता. एक थर यायचा, मग बराच काळ शांतता, त्या काळात वर माती, तळी, झाडं. मग पुढचा थर. मधल्या काळातली झाडं गाडली गेली आणि त्यांच्या पेशीपेशीत सिलिका भरत गेली. ज्या लाव्ह्याने सह्याद्री घडवला त्याच लाव्ह्याचं हे उत्तर-पूर्वेचं टोक. राजगडावर आपण ज्या काळ्या कातळावर बसतो त्याचा हा सख्खा भाऊ.

आवारात खोडं उघड्यावर मांडलेली आहेत. एखाद्या तुटलेल्या खोडाच्या कापावर जरा वाकून बघा. काहींवर वाढीची वर्तुळं नसतात, सगळीकडे बारीक ठिपकेच ठिपके असतात. ती ताडाच्या कुळातली झाडं. ताडाला वर्तुळं पडत नाहीत, त्याच्या नळ्या अशाच विखुरलेल्या असतात. म्हणजे आज जिथे पानगळीचं जंगल आहे तिथे तेव्हा हवा चांगलीच दमट होती. बोट त्या ठिपक्यांवरून फिरवलं की खरखर लागते. दगडाचा तुकडा मात्र उचलू नका, तो गुन्हा आहे आणि तिथून आधीच पुष्कळ गेलंय.

अमरकंटकच्या पठारावर जी लाल माती आणि जांभा दिसतो तो याच लाव्ह्याच्या काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेतून झालेला. त्यातच बॉक्साइट आहे आणि त्याचं खोदकामही तिथे झालं.

---

डेन्व्हरची_सई

वाचून फार छान वाटलं. आम्ही इकडे झायन, ब्राइस, आर्चेस अशी उद्यानं जोडत गाडीने फिरतो. इकडे स्वतःची गाडी उद्यानातून नेता येते, हवं तिथे थांबता येतं, त्यामुळे रस्ता आणि उद्यान वेगळं राहत नाही. भारतात कोअरमध्ये गेटवरून जिप्सी, वेळ ठरलेली, त्यामुळे "मधलं काहीतरी" अशी रस्त्याची गत होते. रानवाटांचा मुद्दा त्यामुळे पटला. फेब्रुवारीत येतोय आणि अमरकंटकला दोन रात्री ठरवल्या. बांधवगडबद्दल कुणी लिहील का?

---

चारणगंगा

बांधवगडबद्दल मी लिहितो.

कान्ह्याची विशाल मैदानं बघून आल्यावर बांधवगड लहान आणि दाटीवाटीचं वाटेल. टेकड्या, बांबू, अरुंद दऱ्या आणि मधोमध सपाट माथ्याचा किल्ल्याचा डोंगर. ताला, मगधी, खितौली हे तीन झोन. वाघ दिसण्याची शक्यता इथे चांगली, म्हणून गर्दीही इथेच. पण तालाची फेरी मिळाली तर गाइडला शेषशय्येपर्यंत न्यायला सांगा. दहाव्या शतकातला, सलग दगडात कोरलेला पहुडलेला विष्णू आहे, लांबी पस्तीस फुटांच्या आसपास. अंगावर शेवाळ, पायापाशी पाण्याचं कुंड. चरणगंगा तिथूनच निघते आणि पुढे याच जंगलाला पाणी पुरवते. वाघांना आणि हरणांनाही. किल्ल्यावर मात्र एरवी जाता येत नाही.

हा सगळा रीवा संस्थानचा मुलूख. १९५१ साली महाराजा मार्तंडसिंहांनी पांढऱ्या वाघाचा बछडा पकडला, 'मोहन', त्याच्यापासून पुढे बंदिवासातल्या पांढऱ्या वाघांची पैदास झाली. १९६८ मध्ये बांधवगड राष्ट्रीय उद्यान झालं. गवे इथून नाहीसे झाले होते, ते २०११-१२ मध्ये कान्ह्यातून आणून सोडले आणि रुजले.

आता गाडीवाल्यांसाठी महत्त्वाचं. २०१८ मध्ये छत्तीसगढहून रानहत्ती आले आणि इथेच राहिले. लोकांना हत्तींची सवय नव्हती, अजूनही पुरती नाही. २०२४च्या ऑक्टोबरात बुरशी लागलेलं कोदो खाऊन दहा हत्ती मेले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. भात-कोदो कापणीला येतं तेव्हा संध्याकाळी हत्ती शेतांकडे निघतात आणि रस्ता ओलांडतात. उमरिया-ताला रस्त्यावर सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. हत्ती दिसला तर लांब थांबा, इंजिन चालू ठेवा, दिवे मारू नका, मोबाइल घेऊन खाली तर मुळीच उतरू नका.

---

खुर्सापार

चर्चा वाचून अमरकंटकबद्दलचं माझं मत थोडं नरमलं आहे, विशेषतः सोनमुडा आणि घुघुआमुळे. तरी एक आग्रह कायम. कान्ह्यात किमान तीन फेऱ्या ठेवा, त्यातल्या दोन एकाच झोनमध्ये. पहिल्या फेरीत जे दिसलं नाही ते दुसरीत तिथेच दिसतं.

आणि मार्चच्या शेवटी जाणाऱ्यांसाठी: गारठा नसतो, पळस लाल झालेला असतो, मोहाची फुलं पहाटे टपटप पडत असतात आणि गावंच्या गावं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्या वेळी जंगलातल्या रस्त्यावर पहाटे फार जपून गाडी हाका. फुलं वेचणारे लोक असतात आणि तीच फुलं खायला अस्वलंही येतात. साल फुलतो तोही त्याच सुमारास. कोअरची दारं जूनअखेर बंद होतात ती एक ऑक्टोबरला उघडतात, हे पावसाळ्यात बेत करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

---

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा ठरला: पेंच एक रात्र, कान्हा तीन, अमरकंटक दोन, बांधवगड दोन, जबलपूर एक. जबलपूरला भेडाघाटाशिवाय काही? आईला तिथे बोटीत बसायचंय.

---

रानवाट

@चौथा_गिअर, बेत उत्तम झालाय. @खुर्सापार, तीन फेऱ्या मान्य.

भेडाघाटला दोन भाग करा. दुपारी धुआंधार: नर्मदा तिथे दरीत कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो, म्हणून ते नाव. अमरकंटकला ओलांडता येईल एवढी होती ती हीच नदी, हे मुलीला तिथे उभं करून सांगा. धबधब्यावरून रोपवे आहे, काकूंना चालावं लागणार नाही. बोट पंचवटी घाटावरून सुटते. तिथे उतरायला पायऱ्या आहेत, कठड्याला धरून सावकाश न्या. हिवाळ्यात पाणी शांत असतं. संगमरवराच्या भिंती सकाळी पिवळसर आणि ऊन चढलं की पांढऱ्याशुभ्र दिसतात, म्हणून बोट सकाळची घ्या. नावाडी सगळा वेळ यमकांत बोलत असतो, काकूंना मजा येईल. चौसष्ट योगिनीच्या देवळाला चढ आहे, तिथे तुम्ही आणि मुलगी जाऊन या. गोल आवारात कडेने बसलेल्या योगिनींच्या मूर्ती, बऱ्याच भंगलेल्या, तरी बघाव्या अशाच.

शहरात खोव्याची जिलबी खा. काळपट दिसते, नेहमीच्या जिलबीपेक्षा जाड आणि मऊ. गरम असतानाच खायची.

निघायच्या दिवशी जबलपूरहून सकाळी आठला निघालात तर जेवायच्या सुमारास सिवनीच्या पुढे असाल. नागपुरात त्या रात्री राहा, पुण्याची वाट दुसऱ्या दिवशी धरा. गाइड कोण मिळाला, बारासिंगा दिसला का, पाटनगढमध्ये कुणाकडून चित्र घेतलंत, ते परत आल्यावर याच धाग्यावर लिहा.